बसलेल्या मुलीचा पुतळा: टाचा, सावली, रिकामी खुर्ची आणि परवानगीचा कागद

ओलीमाती

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत डांबलेल्या स्त्रियांचं सोलमधलं स्मारक बहुतेकांनी फोटोत तरी पाहिलेलं असेल. खुर्चीवर बसलेली अनवाणी मुलगी आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. किम सो-ग्यंग आणि किम उन-संग या शिल्पकार जोडप्याचं काम, 14 डिसेंबर 2011 ला जपानी वकिलातीसमोर बसवलेलं. शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी यावर एक टिपण करायचं आहे. जे वाचायला मिळतं ते एक तर नुसतं राजकारण, नाही तर नुसते हुंदके. घडवणाऱ्याच्या नजरेतून कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे प्रश्न:

1) पुतळ्यातल्या प्रत्येक बारकाव्याला अर्थ आहे म्हणतात. नेमका कुठला?
2) अशी बसलेली आकृती ब्राँझमध्ये ओतताना काय बिघडतं? टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत, मग वजन कुठून उतरतं?
3) जमिनीवरची ती सावली म्हणजे रंग, धातू की दगड?
4) याच विषयावरचे पुतळे इतर शहरांतही उभे राहिले. त्यातला मनिलाचा गेला, बर्लिनचा हलवला, पण सोल आणि ग्लेन्डेलचे जागेवर आहेत. हा फरक कशामुळे?

जपान-कोरिया वादात बरोबर कोण, यावर इथे कृपया कुस्ती नको. त्यासाठी वेगळा धागा काढा.

मेणसाचा

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो, कारण शिल्पकारांनी स्वतःच ते बऱ्याच वेळा सांगितलेलं आहे.

केस वेडेवाकडे, तोडल्यासारखे कापलेले: घर आणि गाव यांच्याशी नातं तोडलं गेलं ते. त्या काळी कोरियात लग्न न झालेल्या मुली लांब वेणी घालत, हे लक्षात घेतलं की तो काप किती बोलतो ते कळतं. डाव्या खांद्यावर पक्षी: शांतता, मोकळेपणा, आणि गेलेल्या व जिवंत माणसांमधला दुवा. टाचा अधांतरी: परत आल्यावरही ज्यांना स्वतःच्या देशात पाय टेकता आले नाहीत त्या. रिकामी खुर्ची गेलेल्यांची, आणि येणाऱ्याने बसावं म्हणूनही. मागे जमिनीवर पडलेली सावली मुलीची नाही, म्हाताऱ्या बाईची आहे. तिच्या छातीच्या जागी पांढरं फुलपाखरू.

मुठींची गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. आधी फक्त एक स्मृतिशिळा उभारायची असं ठरलं होतं. जपानकडून विरोध सुरू झाला तशी शिळेची मुलगी झाली, आणि मांडीवर हलके ठेवलेले हात मुठीत आवळले गेले. म्हणजे विरोधच आकृतीत उतरला. विद्यार्थ्यांना ही एकच गोष्ट सांगितलीत तरी चालेल.

आता ओतकाम. सोलच्या पुतळ्याची उंची साधारण 130 सेंमी. खाली सांगतोय ती रीत कुठल्याही अशा बसलेल्या, जवळजवळ जीवनमापाच्या आकृतीला लागू पडते. सोलच्या कारखान्यात पावलोपावली काय केलं त्याचा हा अहवाल नव्हे.

माती पुरी झाली की सिलिकॉन रबराचा साचा, त्यावर प्लास्टरचं किंवा फायबरचं कवच. साच्यात मेण 5 ते 6 मिमी जाडीने चढवायचं. इथे घाई केली की मेण कोपऱ्यात जाड आणि उंचवट्यावर पातळ बसतं. नाकाच्या शेंड्याला 3 मिमी आणि मांडीच्या घडीत 12 मिमी अशी जाडी आली की ओतताना पातळ भाग भरत नाही, जाड भाग आकसून छिद्रं पाडतो. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका. मेणात जागोजागी सुई खुपसून जाडी मोजा.

आकृती अखंड ओतायची नाही. डोकं, दोन हात, धड, घागऱ्याचे दोन-तीन तुकडे, पावलं असे सात-आठ भाग करायचे, म्हणजे मेणावर लावायचं सिरॅमिकचं कवच (मेण वितळवून काढलं की धातू यातच ओतायचा) आतूनही नीट चढतं. काप कुठे घ्यायचा याला डोकं लागतं. कोरियन पोशाख इथे मदतीला येतो: जॉगोरी म्हणजे वरचा आखूड झगा, त्याची गळपट्टी आणि पुढची बांधायची लांब पट्टी. मानेचा सांधा गळपट्टीखाली लपतो, धडाचा सांधा झग्याच्या खालच्या कडेला. मोकळ्या सपाट कापडावर सांधा घेतलात तर कितीही घासा, तिरप्या उन्हात रेघ दिसतेच.

सिरॅमिकच्या कवचाचे आठ ते दहा थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. मेण झटक्यात वितळवून काढायचं, कारण हळू तापवलं तर मेण वितळण्याआधी फुगतं आणि कवच तडकतं. मग कवच 850 ते 900 अंशांना भाजायचं आणि सिलिकॉन ब्राँझ साधारण 1,100 ते 1,150 अंशांना ओतायचं. शिसं असलेलं ब्राँझ (85-5-5-5 म्हणतात ते: तांबं 85, कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी 5 टक्के) ओतायला गोड, पण जोडताना टिग वेल्डिंगमध्ये शिसं उसळतं, जोडात बुडबुडे राहतात, धूरही वाईट. इतके सांधे असताना सिलिकॉन ब्राँझच बरं. जोडायची सळई त्याच मिश्रधातूची हवी. वेगळी वापरली तर त्या दिवशी कळत नाही, पाटीना (ब्राँझवर चढवलेला रंगाचा थर) चढवल्यावर मानेभोवती दोरा बांधल्यासारखी रेघ उमटते.

आकसणं विसरू नका. मेण आणि धातू मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास जातात. 130 सेंमीवर हे सव्वातीन सेंमी झाले. चेहऱ्यात ते जाणवत नाही, पण मुलगी ओतीव आणि खुर्ची मात्र बाजारातून आणलेल्या सळयांची असेल तर ती खुर्चीत बुडाल्यासारखी दिसते. दोन्ही खुर्च्या एकाच साच्यातून काढाव्यात, मुलीबरोबरच.

टाचा: वजन पायातून उतरतच नाही. ते बैठकीतून खुर्चीच्या चार पायांत जातं, तिथून तळपट्टीत. पाऊल फक्त चवड्यावर टेकलेलं दिसायला हवं. पण तिथे काहीच न बांधता नुसतं टेकवून ठेवलं तर लोक पावलावर पाय देतात, मुलं चढतात, घोटा वाकतो. म्हणून चवड्याखाली 10-12 मिमीची एक स्टेनलेस पिन, तिला थोडी ढील ठेवून. पिन घट्ट आवळली आणि पाया जरा खचला की सगळा ताण घोट्याच्या पातळ ब्राँझवर येतो आणि तडा तिथेच जातो. टाचेखालची फट फार मोठी केली की मुलगी चवड्यावर उभी राहू पाहतेय असं वाटतं. फार लहान केली की फटीत कचरा आणि च्युइंगम अडकून टाच टेकल्यासारखी दिसते, आणि मग सगळा अर्थच गेला. दीड-दोन सेंमी हे ठीक माप. मातीत ठरवताना आकसणं धरून थोडी जास्तच ठेवा.

पक्षी हा चोरीला किंवा मोडायला सगळ्यात सोपा भाग. भरीव पक्षी 6 मिमीच्या खांद्याला चिकटवून एकत्र ओतला की सांध्याशी धातू शेवटी गोठतो, आत पोकळी राहते. पुढे कुणी पक्षी धरून फोटो काढला की तो हातात येतो. पक्षी वेगळा, पोकळ ओता, पायातून 8 मिमीची पिन खांद्याच्या आत उतरवा आणि आतून वेल्ड करा.

वजनाचा अंदाज हवा असेल तर: आकृतीचं क्षेत्रफळ 2 चौरस मीटर धरा, जाडी 6 मिमी, घनता दर घन सेंमीला 8.5 ग्रॅम. नुसती मुलगी 100 किलोच्या आसपास येते. खुर्च्या, तळपट्टी, आतला सांगाडा धरला की आकडा झपाट्याने चढतो. ग्लेन्डेलच्या पुतळ्याचं वजन 1,100 पौंड, म्हणजे 500 किलोच्या घरात सांगतात.

छन्नी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर: कवच धरून ठेवायला मारलेले लोखंडी खिळे ओतल्यावर काढून तिथे ब्राँझची बुचं बसवलीत का, हे दोनदा तपासा. राहिलेला एक खिळा वर्षभरात गालावर गंजाचा ओघळ आणतो. या पुतळ्यावर तो अश्रूसारखा दिसेल आणि लोक त्यालाही अर्थ लावतील.

सावलीबद्दल. रंग नाही, दगड आहे. काळ्या दगडाचे तुकडे फरशीत जडवून म्हातारीची आकृती केली आहे. तुकड्या-तुकड्यांची आहे म्हणून ती सलग सिल्हूटसारखी न वाटता तुटलेली वाटते, आणि तेच हवं होतं.

अशी जडावणी करताना पहिली चूक चकाकीची. काळा दगड पॉलिश केला की दुकानातल्या नमुन्यात झकास दिसतो, पण पावसात निसरडा होतो, आणि खुर्चीत बसायला येणारा माणूस नेमका त्यावरूनच चालत येतो. घासून सपाट करा, चकाकी आणू नका. दुसरी चूक भोवतालच्या दगडाची. गडद करडा ग्रॅनाइट ओला झाला की जवळजवळ काळा होतो, आणि पाऊस पडला की सावली नाहीशी! फिकट करडा घ्या, ज्वाळेने खरखरीत केलेला. नमुने निवडताना बादलीभर पाणी ओतून बघा, एवढी साधी परीक्षा कुणी करत नाही.

जाडी: पायी चालण्यापुरतं असेल तर 30 मिमी चालतो, सफाईची गाडी किंवा क्रेन येणार असेल तर 50 च्या खाली जाऊ नका. निमुळत्या टोकांचे तुकडे (बोटं, केसांच्या बटा) 30 मिमीपेक्षा अरुंद ठेवले की टोकं उडतात. फुलपाखराला पांढरा संगमरवर सुचतो, पण उघड्यावर तो पावसाने खडबडीत होऊन पिवळसर पडतो. पांढरा क्वार्ट्झाइट टिकतो.

सोलसारख्या शहरात हिवाळ्यात पारा उणे दहाच्या खाली जातो. सांध्यातून आत गेलेलं पाणी गोठून तुकडे वर उचलतं. खाली निचऱ्याचा थर आणि एक टक्का उतार हवाच. उतार मुलीच्या पाठीमागे द्या. पुढे दिलात तर ब्राँझवरून उतरलेलं पाणी फिकट ग्रॅनाइटवर हिरवे डाग पाडत थेट पाटीवर जातं. पाया जमीन गोठते त्या रेषेच्या खाली न्यावा, नाही तर मुलगी आणि रिकामी खुर्ची वेगवेगळ्या हिवाळ्यांत वेगवेगळ्या उंचीला जातील. दोन्ही खुर्च्या एकाच तळपट्टीवर बसवणं हा त्यावरचा खरा उपाय.

दप्तरदार

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा. पुतळे कोसळत नाहीत, कागद कोसळतात.

प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचारायच्या: जमीन कुणाची, परवानगी किती काळाची, आणि पुतळा कुणाच्या मालकीचा.

ग्लेन्डेल, कॅलिफोर्निया. जमीन नगरपालिकेच्या बागेची. नगर परिषदेने मतदान करून मान्यता दिली, 30 जुलै 2013 ला अनावरण. 2014 मध्ये खटला झाला. फिर्यादींचं म्हणणं असं की एका शहराने हा पुतळा लावणं म्हणजे संघराज्याच्या परराष्ट्र धोरणात ढवळाढवळ. त्याच वर्षी खालच्या कोर्टाने तो फेटाळला, ऑगस्ट 2016 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तेच कायम केलं, मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. शहर स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या ठरावाने बोलत होतं, म्हणून पाय घट्ट.

सॅन फ्रान्सिस्को. 2015 मध्ये तिथल्या पर्यवेक्षक मंडळाचा (म्हणजे नगर परिषदेचा) एकमताने ठराव, 22 सप्टेंबर 2017 ला अनावरण. इथली रचना वेगळी आहे, शिल्पकार स्टीव्हन व्हाइट. स्तंभावर हात धरून उभ्या तीन मुली, कोरियन, चिनी आणि फिलिपिनो, आणि खाली जमिनीवर त्यांच्याकडे बघत उभ्या वृद्ध किम हाक-सुन, उघडपणे साक्ष देणाऱ्या पीडिता. ओसाकाच्या महापौरांनी 2018 मध्ये साठ वर्षांचं भगिनी-शहराचं नातं तोडलं. नातं गेलं, पुतळा राहिला, कारण तोपर्यंत तो शहराने रीतसर स्वीकारला होता.

मनिला. 8 डिसेंबर 2017 ला रोहास बुलेवार्डवर, खाडीकाठच्या पदपथावर अनावरण. डोळ्यांवर पट्टी बांधलेली उभी स्त्री, शिल्पकार योनास रोसेस. राष्ट्रीय इतिहास आयोगाची पाटीसुद्धा होती, म्हणजे सरकारी मान्यता नव्हती असं म्हणता येत नाही. पण जमीन रस्त्याकडेची. 27 एप्रिल 2018 च्या रात्री सार्वजनिक बांधकाम खात्याने यंत्र लावून तो काढला, कारण सांगितलं सांडपाण्याच्या कामाचं. पुतळा शिल्पकाराकडे परत गेला. पुढे 2019 मध्ये बाक्लारानच्या चर्चच्या आवारात तो बसवायचं ठरलं, आणि त्या वेळी कळलं की पुतळाच गायब आहे. यातला धडा कोरडा आहे पण महत्त्वाचा: काढला तर कुठे ठेवायचा, कुणाच्या कुलपात, आणि हलवण्याआधी कुणाला लेखी कळवायचं, हे देणगीच्या करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. इतिहास आयोगाची पाटी म्हणजे जमिनीचा सातबारा नव्हे.

बर्लिन. मोआबिट भागात बिर्केनश्ट्रासे आणि ब्रेमर श्ट्रासेच्या कोपऱ्यावर, सप्टेंबर 2020. सार्वजनिक जागेतली तात्पुरती कलाकृती म्हणून एक वर्षाची परवानगी. अनावरणानंतर काही दिवसांतच काढण्याचा आदेश निघाला, लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले, आदेश मागे पडला. मग मुदतवाढ, पुन्हा वाद, पुन्हा कोर्ट. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये त्या कोपऱ्यावरून हलवला. पाच वर्षं टिकला हे लोकांचं यश, पण मुळात कागद एक वर्षाचाच होता. जर्मनीतल्याच कासेलच्या विद्यापीठातही 2022 मध्ये विद्यार्थी संघटनेने बसवलेला पुतळा मार्च 2023 मध्ये विद्यापीठाने काढला.

आता सोल, जे या नियमात बसत नाही. 2011 मध्ये बसवला तेव्हा रीतसर परवाना नव्हता. जपानचं म्हणणं, राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 22 प्रमाणे वकिलातीची शांतता आणि प्रतिष्ठा राखणं यजमान देशावर बंधनकारक आहे. 28 डिसेंबर 2015 च्या दोन सरकारांमधल्या समझोत्यात जपानने एक अब्ज येन द्यायचे आणि कोरियाने पुतळ्याबाबत संघटनांशी बोलून योग्य तो मार्ग काढायचा प्रयत्न करायचा, असं होतं. 'प्रयत्न' हा शब्द दोघांनी आपापल्या सोयीने वाचला. पुतळा वाचला तो कागदाने नाही, तर 8 जानेवारी 1992 पासून दर बुधवारी त्याच जागी निदर्शनाला जमणाऱ्या माणसांनी. कागद नंतर आला: 2017 मध्ये सोलच्या जोंगनो जिल्ह्याने त्याची सार्वजनिक शिल्प म्हणून नोंद केली.

बुसान हे त्याचंच छोटं रूप. 28 डिसेंबर 2016 ला तिथल्या जपानी वाणिज्य दूतावासासमोर बसवला, जिल्हा प्रशासनाने त्याच दिवशी उचलून नेला, लोक खवळले, 30 तारखेला परत बसला. जानेवारीत जपानने राजदूत माघारी बोलावला, तो एप्रिलमध्ये परतला.

ओलीमाती

दप्तरदार, मनिलाचं वाचून हबकायला झालं. दोन उपप्रश्न. फोटोंत सोलच्या पुतळ्याला लोकरी टोपी, मफलर, मोजे घातलेले दिसतात. धातूला त्याने काही होतं का? आणि पाटीवर पीडित स्त्रियांचा आकडा किती लिहायचा? कुठे 50 हजार, कुठे 2 लाख, कुठे 4 लाख.

मेणसाचा

होतं. ओली लोकर धातूवर दिवसेंदिवस राहिली की तिच्याखाली पाटीना ठिपक्याठिपक्यांची होते, मफलरच्या कडेने हिरवी रेघ येते. पण म्हणून 'कपडे घालू नका' अशी पाटी लावाल तर स्मारकाचा जीवच जाईल. हिवाळ्यात त्या मुलीला थंडी वाजू नये असं लोकांना वाटतं, यापेक्षा मोठी पावती शिल्पाला कुठली? उपाय एवढाच: पाऊस किंवा बर्फ पडून गेला की कपडे काढून कोरडे घालायचे, आणि हे काम कुणाचं ते ठरवून ठेवायचं. मेणबत्त्या मांडीवर नकोत, बाजूला वाळूचं ताट ठेवा. कुंड्या थेट ब्राँझवर ठेवल्या की बुडाच्या गोल खुणा उठतात.

रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथे पावलं आधी जातात. क्लोराइड ब्राँझमध्ये शिरलं की फिकट हिरवी भुकटी सुटत राहते, वरून पुसून थांबत नाही. थंडी सरली की पहिलं काम पावलं आणि टाचेखालची फट गोड्या पाण्याने धुणं.

वर्षातून एकदा, रहदारीची जागा असेल तर दोनदा: तटस्थ साबणाचं पाणी, मऊ ब्रश, भरपूर स्वच्छ पाणी, पूर्ण सुकू द्यायचं. मग टॉर्चने हाताला सोसेल-न सोसेल इतपत गरम करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, थंड झाल्यावर दुसरा, मग कापडाने घासणं. धातू चकाकवणारं पॉलिश चुकूनही नको, ते पाटीना खाऊन टाकतं. मुठी आणि रिकाम्या खुर्चीची बैठक हात लागून उजळ होतात. तिथे पुन्हा काळं करत बसू नका. ती झीज खरी आहे.

टाकबोरू

पाटीचा मजकूर. इथे शिल्पाहून जास्त पुतळे अडकतात.

आधी शब्द. 'इआनफू' हा जपानी शब्द, कोरियनमध्ये 'वीआनबू', इंग्रजीतून आलेला 'कम्फर्ट वुमन'. तिन्हींचा अर्थ दिलासा देणारी बाई. दिलासा कुणाला, ते शब्द सांगत नाही, आणि गोम तिथेच आहे. मराठी वर्तमानपत्रं कधी कधी याचं सरळ भाषांतर करून मोकळी होतात, ते टाळा. शब्द द्यायचाच तर अवतरणात, आणि लगेच पुढे 'जपानी शाही सैन्याने लैंगिक गुलामीत ठेवलेल्या स्त्रिया'. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक राधिका कुमारस्वामी यांनी 1996 च्या अहवालात लष्करी लैंगिक गुलामी हीच संज्ञा वापरली.

कर्मणी प्रयोगात लपू नका. 'स्त्रियांवर अत्याचार झाले' असं लिहिलं की अत्याचार आभाळातून पडले. कुणी केले ते वाक्यात हवं. दुसरीकडे 'जपान्यांनी' असंही नको, सैन्य आणि त्या वेळची राज्यसंस्था म्हणा. जपानमध्येही याची स्मारकं आहेत आणि ती जपानी लोकांनी उभारली आहेत: चिबा प्रांतातल्या तातेयामा इथे स्त्रियांच्या एका आश्रयवसाहतीत 1986 ची शिळा, तिथेच राहणाऱ्या एका जपानी पीडितेच्या आग्रहाने. ओकिनावातल्या मियाकोजिमा बेटावर 2008 ची, बारा भाषांत. दोन्ही सोलच्या पुतळ्याआधीच्या. तुमच्या टिपणात या याव्यातच, कारण हनबोक (कोरियन पारंपरिक पोशाख) घातलेली कोवळी मुलगी हीच एकमेव पीडिता असं चित्र पक्कं होतं, आणि त्यात जपानी स्त्रिया, वयाने मोठ्या स्त्रिया, डच ईस्ट इंडीजमधल्या स्त्रिया बाहेर राहतात. शिल्प म्हणून ही सोलच्या पुतळ्याची मर्यादाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या रचनेने ती काही अंशी ओलांडली.

आकडा. इतिहासकार योशिमी योशिआकी यांचा अंदाज 50 हजार ते 2 लाख, हाता इकुहिको यांचा 20 हजारांच्या आसपास, काही चिनी अभ्यासकांचा 4 लाखांपर्यंत. नोंदी युद्धाच्या अखेरीस नष्ट केल्या गेल्या, म्हणून एकच आकडा कोरणं म्हणजे विरोधकाच्या हाती छन्नी देणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाटीवर 'लाखो' अशा अर्थाचा शब्दप्रयोग, तेरा देश आणि 1931 ते 1945 हा काळ आहे. त्याहून आवरतं घ्यायचं तर आकडा सोडून द्या आणि जे पक्कं आहे ते कोरा: किम हाक-सुन यांनी 14 ऑगस्ट 1991 ला स्वतःच्या नावाने, उघड्या चेहऱ्याने साक्ष दिली. दक्षिण कोरियात सरकारकडे नोंद झालेल्या स्त्रिया 240. जपान सरकारने 4 ऑगस्ट 1993 च्या कोनो निवेदनात सैन्याचा सहभाग मान्य केला. यातलं एकही अंदाजाने सांगितलेलं नाही.

आणखी एक घोळ. कोरियनमध्ये 'चोंगशिनदे' म्हणजे युद्धकाळात कारखान्यांत कामाला नेलेली स्त्रियांची पथकं. सुरुवातीच्या काळात ती आणि 'वीआनबू' एकच समजली गेली, बुधवारचं आंदोलन चालवणाऱ्या संघटनेच्या जुन्या नावातही 'चोंगशिनदे' हाच शब्द होता. पाटीवर दोन्ही एकत्र केलेत तर एक चूक दाखवून सगळा मजकूर खोटा ठरवायला वाव मिळतो.

सोलची पाटी मात्र अगदी लहान आहे आणि फार हुशार. कोरियन, इंग्रजी, जपानी अशा तीन भाषांत. ती म्हणते की 14 डिसेंबर 2011 हा हजारावा बुधवार, पहिला 8 जानेवारी 1992 ला झाला, आणि हे शांतिस्मारक त्या आंदोलनाचा इतिहास आणि चेतना जपण्यासाठी आहे. आकडा नाही, विशेषण जवळजवळ नाही. खोडून काढायचं तरी काय?

कोरण्याआधी मजकूर त्या त्या भाषेच्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या, कागदावर नव्हे तर पूर्ण मापाच्या छपाईवर. ग्रॅनाइटमध्ये अक्षराची उंची 18 मिमीच्या खाली गेली की कोरियन आणि जपानी अक्षरांतली आतली पोकळी धुळीने बुजते.

छन्नी

टाकबोरू यांच्या यादीत एक जोड: दर वेळी ब्राँझच हवं असं नाही. 2017 मध्ये सोलमध्ये 151 क्रमांकाच्या बसमधून बसलेल्या मुलीचे हलके पुतळे आसनावर ठेवून फिरवले होते. 2019 मध्ये जपानमधल्या आइची त्रैवार्षिक कलाप्रदर्शनात मांडलेली रंगवलेली प्रत फायबरची होती, तो विभाग धमक्यांमुळे तीन दिवसांत बंद करावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवसांसाठी पुन्हा उघडला. जागेचा कागद तात्पुरता असेल तर बैठकही तशीच करा: तळपट्टी फरशीत न गाडता वजनाने दाबून ठेवलेली, उचलायच्या कड्या खुर्चीखाली झाकून. जबरदस्तीने उचलायची वेळ आली तर निदान घोटे तुटणार नाहीत.

हक्काचं विसरू नका. रचनेचा हक्क शिल्पकारांकडे आहे. विद्यार्थ्यांनी अभ्यासाला माती करणं वेगळं, तीच मुलगी ओतून चौकात बसवायची तर आधी त्यांना विचारा.

ओलीमाती

खूप आभार, टिपणाचा आराखडा बदलतोय. शेवटचा बारका प्रश्न: रिकाम्या खुर्चीवर लोक बसणारच, तिला वेगळं काही लागतं का?

मेणसाचा

लागतं. 200 किलोचा धक्का धरून चालावं, कारण एकाच्या मांडीवर दुसरा बसतो आणि मग दोघं मागे रेलतात. खुर्ची मागे उलटते ती पायांच्या जोडाशी, म्हणून पाय तळपट्टीला वरून वेल्ड करून भागत नाही, खालून 16 मिमीचे स्टेनलेस बोल्ट घ्या, 316 प्रतीचे. साधं लोखंड ब्राँझला टेकलं की लोखंड आधी गंजतं आणि फुगून पट्टी उचलतं. कडा 3 मिमी तरी गोल. बैठक किंचित खोलगट करायचा मोह होतो, लाकडी खुर्चीसारखी. करा, पण सगळ्यात खोल जागी 8-10 मिमीचं भोक पाडा. नाही तर पाऊस पडून गेल्यावर तिथे पाणी साचतं, आणि दिवसभर तिच्या शेजारी कुणी बसत नाही.